तीन विजेत्या टीम, एक फ्रेम

वर्षभर दर शनिवारी पाच माणसं एका खोलीत आकडे घेऊन बसली, की आकडे विसरले जातात आणि किस्से साचत जातात. रोज चार ओळी लिहून ठेवायची माझी जुनी सवय. परवा मागचं वर्ष चाळलं, तर फुटबॉल कमी आणि माणसंच जास्त निघाली. त्यातले हे काही किस्से. ऐकताना हसू येतं, पण ते वर्ष काही हसण्यासारखं नव्हतं.

आम्ही टोकियोत निशी-कसाईला राहतो. माझी मुलगी इरा नदीपलीकडच्या एका जुन्या जपानी हायस्कूलात शिकत होती. तिथल्या फुटबॉल क्लबची ती मॅनेजर. मॅनेजर म्हणजे खेळायचं नाही. पाण्याच्या बाटल्या भरायच्या, स्कोअर लिहायचा, हरून आलेल्यांना टॉवेल द्यायचे. या शाळेनं शहराचं विजेतेपद तीनदा जिंकलेलं, तिन्ही वेळा वेगवेगळ्या पिढीत. आता मुलंच उरली नाहीत, म्हणून शाळा बंद होऊन शेजारच्या शाळेत मिसळणार होती. नव्या इमारतीच्या शोकेसमध्ये फुटबॉलच्या वाट्याला आली एका फ्रेमची जागा.

तीन विजेत्या टीम, फ्रेम एक! कोणत्या टीमचा फोटो लावायचा ते माजी विद्यार्थ्यांनीच ठरवावं, असं शाळेनं कळवलं. इरानं त्यांना परस्पर सांगून टाकलं, "माझे बाबा आकडेवारी करतात."

भारतीय माणूस, त्यात आयटीतला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही!

*

पहिल्या मीटिंगला मी बर्वेला बरोबर नेलं. बर्वे मुंबईच्या एका बँकेतून इथे पोस्टिंगवर आलेला. कर्जदारांना रेटिंग देण्यात त्याची हयात गेली. समोर तिघं. पहिल्या विजेत्या टीमचे गोलकीपर कुबोता-सान, सत्तरी ओलांडलेले. दुसऱ्या टीमचे कॅप्टन नोगुची-सान, दातांचे डॉक्टर. तिसऱ्या टीमचे मियाके-सान, माझ्याच वयाचे, यांचं छोटं हॉटेल आहे.

मी म्हटलं, प्रत्येकानं आपापल्या टीमबद्दल सांगा. मनात धास्ती होती. आपल्याकडे गल्लीतल्या दोन क्रिकेट टीमची तुलना काढली तरी खुर्च्या उचलल्या जातात.

कुबोता-सान म्हणाले, "आमच्या वेळी समोरच्या टीमच दुबळ्या होत्या हो."

नोगुची-सान म्हणाले, "आमचा फायनलचा गोल त्यांच्याच डिफेंडरच्या गुडघ्याला लागून आत गेला."

मियाके-सानांनी मान खाली घातली. "आमच्या फायनलला चिखल होता. त्यांचा गोलकीपर घसरला नसता, तर..."

बर्वे माझ्या कानाशी लागला. "जोग, हे तिघं आज कप परत करूनच घरी जाणार बघ!"

*

घरी येताना इरा म्हणाली, "बाबा, कुबोता-सानांना त्यांच्या टीमचा फोटो लागायला हवाय." ती माझ्याशी जपानीतच बोलते. मी मराठीत विचारतो, ती जपानीत उत्तर देते, आणि आमचं भांडणसुद्धा असंच दोन भाषांत चालतं.

"मग बोलले का नाहीत?"

"ते नाही बोलणार."

मग तिनं सांगितलं. पहिल्या टीमच्या फोटोत मागच्या रांगेत अगदी टोकाला गोलकीपर कुबोता-सान उभे आहेत आणि त्यांना खेटून त्यांचा धाकटा भाऊ केन्जी. पुढच्याच उन्हाळ्यात केन्जी तापानं गेला. इरानं कुबोता-सानांना विचारलं होतं, शाळेनं नाही लावला तर फोटो तुम्ही घरी का नाही नेत? ते एकटे राहतात. मागे-पुढे कुणी नाही.

ते म्हणाले होते, "माझ्या घरी ठेवला, तर माझ्याबरोबर जाईल."

*

मी दोन महिने खपलो. तीन वेगळ्या काळांतल्या टीम एका रांगेत उभ्या करणं हे डोकं खाणारं काम. कुणाला सामने जास्त, कुणाला कमी. कुणाच्या वेळी पाच-पाच फॉरवर्ड पुढे पळायचे, कुणाच्या वेळी सगळी टीम मागेच उभी. मारलेले गोल, खाल्लेले गोल, समोरच्या टीमचा दर्जा, असं सगळं मी एका मापात आणलं.

बर्वे फक्त डिफेन्स बघायचा. "गोल मारणारे पुष्कळ भेटतात. बुडवणार कोण नाही, ते बघ!" त्याच्या हिशेबात कुबोता-सानांची टीम सगळ्यात भरवशाची. "यांना मी डोळे मिटून लोन दिलं असतं!"

मी वही मिटणार, तेवढ्यात इरा आली. "आमची टीम घाला."

"अगं, तुमची टीम यंदा एक सामना खेळलेली नाही!" खरंच नव्हती. अकरा जण भरत नव्हते, म्हणून स्पर्धेतून नाव मागे घ्यावं लागलं होतं.

"शाळेची शेवटची टीम आहे. घाला."

मी एक ओळ वाढवली. सामने शून्य, गोल शून्य, गुण शून्य. बर्वे म्हणाला, "राहू दे रे, शून्यानं कुणाचं काय वाकडं होतंय!"

*

मध्येच बर्वेचा धीर सुटला. एका शनिवारी त्यानं आपल्या मोडक्या जपानीत कुबोता-सानांना थेट विचारलं, "तुमचाच फोटो लावून टाकूया ना? भाऊ आहे ना त्यात?"

कुबोता-सान हसले, वाकले, घड्याळाकडे बघून उठले. पुढचे दोन शनिवार ते आलेच नाहीत.

तिसऱ्या शनिवारी बर्वेच्या नावानं मिठाईचा बॉक्स आला. सोबत चिठ्ठी: माझ्या खासगी गोष्टीमुळे तुम्हाला मनस्ताप झाला, क्षमा असावी.

घोळ बर्वेनं घातला आणि माफी कुबोता-सानांनी मागितली! बर्वेनं तो बॉक्स उघडलाच नाही. बरेच दिवस त्याच्या फ्रिजवर पडून होता.

*

निकाल सांगायचा दिवस आला. कुबोता-सान परत आले होते. मी प्रोजेक्टर लावला. पहिला नंबर: पहिली टीम!

नोगुची-सान आणि मियाके-सानांनी इतक्या घाईनं टाळ्या वाजवल्या, की दोघं घरून ठरवूनच आले असावेत. इरा माझ्याकडे बघून हसली. तिचं तेवढंच एक हसू आहे त्या वर्षातलं.

कुबोता-सान उभे राहिले. कान लाल झाले होते.

"जोग-सान, एक दुरुस्ती आहे. सेमीफायनलला मी जो बॉल अडवला, तो रेषेच्या आत गेला होता. रेफरीला दिसला नाही. मला दिसला होता. कृपया आमचे गुण कापा."

मी कापले. काय करणार? माहिती देणारा साक्षात गोलकीपर! पहिली टीम दुसऱ्या नंबरवर आली.

तशी नोगुची-सान ताडकन उठले. "आमचाही एक गोल ऑफसाइड होता!" कापले. कुबोता-सानांची टीम परत वर.

"आमचा तर हाताला लागला होता," कुबोता-सान म्हणाले.

मियाके-सान कसे मागे राहतील? "आमच्या दोन पेनल्टी खोट्या. आम्ही मुद्दाम पडलो होतो."

"आमच्या कोचनं गवत वाढवून ठेवलं होतं!" इति नोगुची-सान.

दोघं कुबोता-सानांना वर ढकलतायत आणि तो भला माणूस पुन्हा खाली उतरतोय. कुणी आवाज चढवत नव्हतं. प्रत्येक कबुलीनंतर तिघंही एकमेकांना वाकून नमस्कार करत होते. मी प्रत्येक कबुली दुरुस्तीच्या रकान्यात भरत गेलो. गुण कुठे थांबवायचे, ही अट घालायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी बर्वेनं पडद्याकडे बोट दाखवलं. "जोग, थांब. वर बघ."

तिन्ही विजेत्या टीम उणे गुणांवर गेल्या होत्या. सगळ्यात वर, शून्य गुणांसह, एकही सामना न खेळलेली शेवटची टीम!

*

मी म्हटलं, हे काही खरं नाही, मी परत करतो. पण त्या तिघांचे चेहरे पहिल्यांदाच सैल पडले होते. कुणीच जिंकलं नव्हतं, म्हणजे कुणाला कुणाच्या पुढे उभं राहायला नको होतं.

रिपोर्टवर सहीऐवजी नावाचा शिक्का मारायचा, तो पहिला कुबोता-सानांनी उमटवला. नीट, सरळ, चौकटीच्या मधोमध. नोगुची-सानांचा हात थबकला होता. पण वडीलधाऱ्यानं शिक्का मारल्यावर नाही कसं म्हणणार? त्यांनीही मारला. मग मियाके-सानांनी.

शाळेत उपमुख्याध्यापकांनी रिपोर्ट दोन्ही हातांनी घेतला. "आकड्यांनी ठरलंय, उत्तम!" हा निकाल कसा लागला, हे त्यांनी विचारलं नाही. तीन शिक्के होते ना!

बाहेर आल्यावर बर्वे म्हणाला, "वर्षभर डोकं फोडलं, आणि काय केलं आपण? म्हाताऱ्याचा भाऊ शोकेसमधून बाहेर काढला!"



*

शाळा रिकामी करायच्या दिवशी आम्ही सगळे मदतीला गेलो. नको असलेल्या सामानाला कचऱ्याचे नियम लागू होते. कप धातूत, त्याखालची लाकडी बैठक जळणाऱ्या कचऱ्यात, फोटोंच्या काचा वेगळ्या. कुबोता-सान स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सकाळपासून एकेक कप खोलत होते. आपल्या टीमचा कपही त्यांनी तसाच खोलला.

मग कपाची रेशमी फीत हातात धरून त्यांनी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं, "ही कशात टाकायची?"

"जळणाऱ्या."

"अच्छा," म्हणाले, आणि फितीची व्यवस्थित घडी घालून पिशवीत टाकली.

जुने तीन फोटो तिघांनी आपापल्या घरी नेले. कुबोता-सानांनी सायकलच्या बास्केटमध्ये आपला फोटो उभा ठेवला आणि ते सायकल हातात धरून चालत गेले.

*

आता शोकेसमध्ये शेवटच्या टीमचा फोटो लावायचा, तर या टीमचा फोटोच नव्हता! सामना नाही, तर फोटो कोण काढणार? मग एका रविवारी ग्राउंडवर फोटोग्राफर बोलावला. मुलं जमली. दोन रांगा धड भरेनात. गोलकीपर तर नव्हताच. वर्षभर सरावाला गोलमध्ये कुबोता-सानच उभे राहायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

मुलांनी त्यांना हाक मारली. ते नको म्हणाले. मुलांनी परत बोलावलं, ते परत नको म्हणाले. मग इरा गेली आणि त्यांच्या कोटाची बाही धरून त्यांना घेऊन आली.

ते मागच्या रांगेत अगदी टोकाला उभे राहिले. इरा त्यांच्या शेजारी. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा राहिली.

फोटोग्राफर कॅमेऱ्यातून बघत ओरडला, "टोकाचे काका, थोडे आत सरका! मध्ये जागा राहतेय!"

कुबोता-सान वाकले, "माफ करा" म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. "मग तू सरक गं, बाळ!"

इरानं एकदा कुबोता-सानांकडे बघितलं. मग ती सरकली. अर्धं पाऊल, आणखी लांब.