भाकड ठिपके

"हे आकडे आलेत कुठून?" सरांनी माझी वही टेबलावर पालथी टाकली आणि चष्मा काढला. सरांनी चष्मा काढला की समजायचं, आता ते समोरच्याच्या तोंडाकडे बघणार नाहीत.

परभणीच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते. नामांतराच्या वादाची वर्षं होती. कधी बंद पुकारला जाईल आणि एस.टी. जागच्या जागी थांबेल, याचा नेम नसायचा. माझं काम एका जिवाणूवर होतं. जिंतूरकडच्या आमच्या गावात, आमच्याच गोठ्यामागच्या मातीतून मी तो वेगळा काढला होता. तो एक प्रथिन अंगाबाहेर सोडायचा आणि त्या प्रथिनानं दूध विरघळायचं. कातडी कमावणाऱ्या किंवा धुण्याची पावडर करणाऱ्या कारखान्यांना असलं प्रथिन पिंपांनी लागतं. रानातला जिवाणू मात्र आपल्या पोटापुरतंच सोडतो. त्याला जास्त सोडायला लावायचं, हा माझा प्रबंध.

त्यासाठी मी त्याला अतिनील दिव्याखाली धरायची. बहुतेक मरायचे. वाचलेल्यांत एखादा बदललेला निघायचा. दूध घातलेल्या पांढऱ्या बशीवर जिवाणू वाढले की त्यांचे ठिपके दिसतात, आणि प्रथिन सोडणाऱ्या ठिपक्याभोवती काचेसारखं स्वच्छ कडं पडतं. कडं रुंद तितकं प्रथिन जास्त. अशा बश्या बघून बघून डोळे गेले आणि एका सकाळी एक कडं असं दिसलं, की मी स्टुलावरून उठून उभीच राहिले. मूळच्या पाचपट होतं. सर तेव्हा परीक्षेच्या कामानं बाहेरगावी होते. मी आकडे वहीत उतरवले, अहवाल लिहिला, आणि परतल्यावर सरांनी माझ्यावर विश्वास ठेवून त्यावर सही केली.

त्याला सात महिने झाले होते. आता सरांनी तोच जिवाणू आपल्या डोळ्यांदेखत लावायला सांगितला, आणि कडं पडलंच नाही. ठिपके आले होते चांगले टपोरे, पण भोवतीचं दूध जसंच्या तसं पांढरंफेक.

"सोमवारी पुन्हा दाखव," सर खिडकीकडे बघत म्हणाले. "नाही दिसलं तर अहवाल मी मागं घेईन. आणि मग तुझा प्रबंध माझ्याकडे होणार नाही."

लबाड हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण तो खोलीभर पसरला होता. मी तापट आहे. एरवी मी तिथंच चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी वही उचलून मी बाहेर पडले. प्रबंध गेला तर गेला, पण मी आकडे मनानं लिहिते असं सरांना वाटावं, हे मला सहन होत नव्हतं.

तो गुरुवार होता. त्याच दुपारी माय, म्हणजे माझी आई, गावाकडून ज्वारीचं पीठ आणि तिखट घेऊन वसतिगृहावर आली. रात्रीच बंदची बातमी आली, एस.टी. थांबली आणि माय माझ्या खोलीत अडकली.

गुरुवारीच मी जुन्या नळ्यांची पेटी उपसून पहिली नळी काढली होती. पाचपट कडं दिसलं, त्या दिवशी भरलेली. आतलं खाद्य वाळून नखासारखं आक्रसलं होतं, पण हा जिवाणू वाळला तरी जीव धरून असतो. त्यातला थोडा मी साध्या बशीवर पसरला. दूध फक्त तपासणीपुरतं वापरायचं, वाण राखायला साधं खाद्य, अशी आमची रीत होती. दर आठवड्याला मी साध्या बशीवरून एक ठिपका उचलून नव्या नळीत ठेवत आले होते. शुक्रवारी ठिपके आले. त्यांतले चार उचलून दुधावर लावले. शनिवारी पाहिलं तर चारांपैकी एकाभोवतीही कडं नव्हतं.

माय त्या दिवशी माझ्याबरोबर प्रयोगशाळेत आली होती. एकटी खोलीत बसून काय करू, म्हणाली. कॉलेज बंद होतं, पण वॉचमननं तिच्याकडे बघून फाटक उघडलं. चपला बाहेर काढून ती आत आली आणि कशालाही हात न लावता सगळं बघत राहिली. मी बशी टेबलावर आदळली तेव्हा जवळ आली.

"काय झालं गं? रडायलीस कामून?"

रडत नाही म्हणून मी तिच्यावर खेकसले, आणि मग सगळं सांगितलं. चिडक्या माणसाला चिडून का होईना, सांगितल्यावर बरं वाटतं. तिनं शुक्रवारची साधी बशी उजेडाकडे धरायला लावली.

"यातले कोनते घेतलेस?"

"हे. सगळ्यात टच्च भरलेले."

"जाडेच कामून?"

"तूच शिकवलंस की. बियाण्याला जाड कणीस." आमच्याकडे ज्वारी काढताना बियाण्याची कणसं बाजूला काढायचं काम मायचं. लहानपणी मी तिच्यामागं टोपली घेऊन फिरायची आणि बारीक कणीस टाकलं की ती माझ्या हातावर मारायची. सात महिने, दर आठवड्याला, मी ठिपके उचलायची तारेची कडी घेऊन तेच करत होते.

"कनसाचा दाना खायचा असतोय," माय म्हणाली. "ह्याच्याकडनं तुला काय पायजे?"

"तो बाहेर सोडतो ते."

"मंग हे भाकड हायेत की. आपली म्हैस बघ. दूध द्यायलीय तवर बरगड्या मोजून घ्याव्या. आटली की कशी अंगानं भरती! जे द्यायलंय त्याच्या अंगाला लागत न्हाई. तू जाडे बघून घ्यायलीस, तुला आटलेलेच घावनार."

"तुला काय कळतं गं यातलं!" मी म्हणाले. पदर सावरून माय खिडकीशी जाऊन बसली.

मी बशी परत हातात घेतली. टपोऱ्या ठिपक्यांच्या मधे सुईच्या टोकाएवढे काही होते. शुक्रवारी मी त्यांच्याकडे कचरा म्हणून बघितलं होतं. प्रथिन करायला ताकद लागते. जो ते करून बाहेर टाकतो तो मागं पडतो, जो बंद करतो तो फोफावतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. आणि वाण राखताना मी दर वेळी फोफावलेलाच उचलला होता. मी सहा बारके ठिपके उचलून दुधावर लावले.

रविवारी बशीवर जवळजवळ काहीच नव्हतं. भिंग लावल्यावर सहा फिकट खुणा दिसल्या, आणि दूध पांढरंच. त्या दिवशी मी जेवले नाही. मायनं भाकरी पुढं केली, मी सरकवली, तिनं ती झाकून ठेवली.

सोमवारी बंद उठला. सकाळी मायला घेऊन मी प्रयोगशाळेत गेले आणि बश्या उबेत ठेवायचं कपाट उघडलं. सहापैकी तिघांभोवती कडी होती. मधे बारीकसा ठिपका आणि भोवती एवढं रुंद, स्वच्छ कडं, की बशीखाली धरलेलं माझं बोट त्यातून दिसत होतं. मी मायला मिठी मारली. ती म्हणाली, "आगं, बशी पडंल."

सरांनी पट्टी लावून स्वतः मोजलं, दोनदा मोजलं. माझी वही उघडून जुना आकडा बघितला, आणि चष्मा न काढता माझ्याकडे पाहिलं.

"मी तुझ्यावर संशय घेतला. चुकलं माझं. खोटं बोलणाऱ्यातली तू नाहीस." मग हसून विचारलं, "लहान ठिपके उचलायचं सुचलं कसं?"

माय दारात उभी होती. डोक्यावर पदर, हातात रिकामी पिशवी, कारण जिंतूरची गाडी गाठायची होती. सरांनी तिला पाहिलंही नव्हतं. हिनं सांगितलं, म्हशीवरून, असं म्हणायचं माझ्या जिवावर आलं. बाजूला दोन वरिष्ठ मुलं उभी होती.

"वाचनात आलं होतं, सर," मी म्हणाले.

"शाब्बास," सर म्हणाले आणि त्यांनी वहीवर सही केली.

स्टँडपर्यंत माय माझ्या दोन पावलं पुढं चालत होती. रागावली होती असंही नाही. गाडीत चढताना म्हणाली, "आता बारके नीट राख. जाड्याला भुलू नको." खिडकीच्या गजावर तिनं हात ठेवला, तेव्हा बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरल्या. तो हात मी जन्मभर बघत आले होते, त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

गाडी गेल्यावर सरांकडे परत जाऊन खरं सांगता आलं असतं. कॉलेज काही लांब नव्हतं आणि सर दुपारपर्यंत तिथंच असायचे. मी गेले नाही.