वाकणाऱ्याला चावणारं कुत्रं

मी थापाड्या माणूस आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. आमच्या किन्हीराजाच्या पंचक्रोशीत माझ्या गोष्टींना तोड नव्हती. माझ्या वेलावरच्या भोपळ्याच्या सावलीत बैलजोडी बसायची, आणि माझ्या विहिरीचा तळ बघायला सोडलेला दोर अजून परत आलेला नव्हता. पण आज जे लिहितो आहे त्याला तिखटमीठ लावायला हात धजत नाही. त्या वर्षीच्या श्रावणात देवावरचा आणि स्वतःवरचा, दोन्ही विश्वास मी घालवून बसलो होतो, आणि त्याला कारण एक एकडोळं कुत्रं.

पहिली मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. ज्वारी हुरड्यावर आलेली असताना मी ते कुत्रं शेतातून उचलून घरी आणलं, तेव्हा त्याचा डावा डोळा फुटलेला होता. माझ्या बायकोनं हळद-तेलाच्या पट्ट्या बांधून त्याला जगवलं. मी त्याचं नाव ठेवलं बहाद्दर, आणि गावात सांगितलं की हा बिबट्याशी झुंजला. पहिल्या दिवशी बिबट्या एक होता, आठवड्यात दोन झाले, संक्रांतीपर्यंत मादी पिलांसकट आली. लोक हसायचे, पण बहाद्दरकडे जरा आदरानंच बघायचे.

पुढं त्याची खोड कळली. सरळ उभ्या माणसाला तो काही करत नसे. पोरांनी शेपूट ओढलं तरी सोसायचा. पण कुणी वाकलं, की अंगावरचे केस ताठ व्हायचे आणि पुढच्या क्षणी दात रुतलेले असायचे. मार खाल्लेल्या कुत्र्याला माणसाविषयी एवढंच ठाऊक असतं, की माणूस वाकला म्हणजे दगड येतो. आता मला सांगा, खेड्यात न वाकता कोण जगतं? अंगणात सडा घालणारी वाकते, शेतात तण निंदणारी वाकते, नवी सून सासूच्या पाया पडते. बहाद्दरनं कुणाला सोडलं नाही. शेवटी पाटलांची आई मारोतीच्या पायरीवर डोकं टेकत होती, तिची पोटरी त्यानं फोडली. पाटील माझ्या ओसरीपुढं आले. ताठ उभे राहिले, म्हणून वाचले.

"पोळ्याले सारं गाव बैलाच्या पायावर डोकं ठेवते," ते म्हणाले. "त्या दिवशी हे कुत्रं मले गावात दिसलं, त कोतवालाच्या हाती कुऱ्हाड देतो. मंग बोंबलू नको."

त्याच्यासाठी घर शोधत मी सात गावं हिंडलो. नाही, तीनच. सवय जात नाही. दोन ठिकाणांहून तो दुसऱ्याच दिवशी परत आला. अनसिंगचा माझा साळा मात्र हौशी. त्याला रानडुकरांसाठी राखण हवी होती. मी बिबट्याची गोष्ट अशी रंगवली, की बहाद्दर दारात आल्याबरोबर साळ्याच्या बायकोनं त्याला कुंकू लावलं, हार घातला आणि पराक्रमी जीव म्हणून त्याच्या पाया पडायला वाकली. पुढचं सांगायला नको. चार दिवसांनी साळा त्याला बंडीत घालून माझ्या दारी हजर.

"जवाईबुवा, चार दिवस झाले, मीच भाकरी थापून राह्यलो," तो म्हणाला. "आन त्या भाकरी मलेच खा लागतात! हे वाकनाऱ्याले चावते, हे तुमाले ठावं होतं. मंग सांगतलं काहून नाई?"

मी हसून वेळ मारून नेली. कसं सांगणार? सांगितलं असतं तर त्यानं पुढं विचारलं असतं, का चावते? आणि त्या 'का'ला माझ्याजवळ उत्तर एकच होतं, बिबट्या. बिबट्या काही वाकून दगड उचलत नाही.

माझीही गत गावासारखीच. बहाद्दर माझी पाठ सोडत नसे, आणि तो जवळ असला की मला वाकता येत नसे. दहा महिने मी देवापुढं डोकं टेकलं नव्हतं. गुडघे धरलेत, असं सांगायचो. बायको म्हणायची, "जेवाले मांडी घालतानी त दुखत नाईत तुमचे गुडघे!" तिचं खरं होतं. तो बांधलेला असतानाही मी देवघरापुढं नुसता उभा राहायचो आणि मागं फिरायचो. मला वाटे, आपल्याला देव नाही. असेल तर तो दुसऱ्यांचा असेल.

पोळा तीन दिवसांवर आला. मी बायकोला सांगितलं, कारंज्याच्या एका व्यापाऱ्याला राखणीला कुत्रं पाहिजे. असा व्यापारी नव्हता. बंडीत कडब्याखाली मी एक गोणपाट, एक दोर आणि दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा धोंडा ठेवला होता. कारंज्याच्या अलीकडं अडाण नदीला खोल डोह आहे. कोतवालाच्या कुऱ्हाडीपेक्षा पाणी बरं, असं मी मनाला समजावलं होतं. बहाद्दर तर उडी मारून आपणहून बंडीत चढला आणि माझ्या मांडीला टेकून बसला. वाटेत मी मनात म्हणालो, दत्ता, तुझ्या पायाशी चार कुत्री आहेत, हे पाचवं घे. नाही घेत, तर मी जे करीन त्याला नाव ठेवू नकोस. याला प्रार्थना म्हणायची लाज वाटते. ती धमकी होती.

भर दुपारी एका ओढ्याच्या चढावर बंडी खडखडली आणि एका अंगाला कलली. चाक अडकवणारी लोखंडी खीळ निसटून वाटेवर कुठंतरी पडली होती. खाली उतरलो. माझ्यामागून बहाद्दरही उतरला आणि बंडीला बांधलेल्या, गळ्यातल्या लांब दोराच्या टोकापर्यंत येऊन उभा राहिला. खीळ शोधायची तर वाकायला हवं, आणि तो माझ्याकडं एकटक बघत होता. चिखलात खांबासारखा उभा राहून मी रडकुंडीला आलो. ज्याला बुडवायला निघालो त्याला मी भीत होतो, आणि तो मला.

तेवढ्यात उंबराच्या झाडामागून एक म्हातारी आली. आधी मला वाटलं, काही वेचते आहे. मग लक्षात आलं, ती तशीच आहे. उभ्या जन्माचं निंदण तिच्या कमरेत बसलं होतं. कमरेपासून अंग काटकोनात आडवं, तोंड जमिनीकडं. बहाद्दर गुरगुरला. केस उभे राहिले. मी ओरडलो, "माय, सरळ उभी राय! हे वाकनाऱ्याले चावते!"

"मी सरळ होऊन वीस वर्सं झाले, बापा," ती चालता चालता म्हणाली. "चावाचं असंन त चावू दे."

ती बहाद्दरच्या पुढून गेली. तो वाट बघत होता, दगडाची. ती परत आली. तशीच वाकलेली, हात मोकळे. पुन्हा गेली. बहाद्दरची मान तिच्यामागं इकडून तिकडं फिरत राहिली. एवढं वाकलेलं माणूस, आणि दगड काही येत नाही! हळूहळू त्याचे केस बसले, आणि मग तोही मागचे पाय मोडून खाली बसला. "हे पाय तुही खीळ," म्हातारी म्हणाली. तिची नजर जमिनीवरच असायची, तिला ती न शोधताच दिसली होती.

मला तिच्यात बहाद्दरचं घर दिसलं. जिभेला लगेच सुरसुरी आली. "माय, ठेवतं का याले? लई बहाद्दर हाय. बिबट्याशी झुंजलं, थेट..."

तिचं तोंड कुत्र्याच्या तोंडासमोर होतं. गावात दहा महिने सगळ्यांनी तो डोळा वरून पाहिला होता. तिनं समोरून पाहिला. भुवईवरच्या गोल वणावर बोट ठेवलं. बहाद्दरनं ठेवू दिलं.

"बिबट्या पंजा मारते," ती म्हणाली. "गोटा नाई मारत. कोनं मारला?"

मी अनेक उत्तरं देऊ शकलो असतो. मला उत्तरांची कधी वाण पडली नाही. पण त्या दिवशी एकच दिलं. "म्या," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं. मी शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकत होतो, तेव्हा हे कुत्रं माझ्या भाकरीचं गाठोडं घेऊन पळालं. माझ्या गोफणीचा नेम चुकत नाही, ही फुशारकी मी जन्मभर मारली होती. खाली उतरलो, वाकलो, गोटा उचलला. बघायला कुणीसुद्धा नव्हतं. नेम चुकला नाही. कडब्याखालचा धोंडाही मी तिला दाखवला.

 तिनं उंबराखालच्या चौथऱ्याकडं हात केला. तिथं दत्ताच्या पादुका होत्या, झाडलेल्या, वर दोन ओली फुलं. मी इतका वेळ त्यांच्यासमोर उभा होतो आणि मला त्या दिसल्या नव्हत्या. "पाया पड," ती म्हणाली.

"मी वाकलो त ते चावंन, माय."

"चावलं त चावलं. तेवढा हक त्याचा हाय."

मी बहाद्दरचा दोर सोडला. गुडघे टेकले, हात पसरले, डोकं दगडावर ठेवलं. मागून पायांचा आवाज आला, मग गुरगुर, अगदी मानेपाशी. मी हललो नाही. देवाकडं काही मागितलं नाही, मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग माझ्या उजव्या तळहाताला ओलं नाक लागलं. तो हात हुंगत होता. बोटांच्या बेचक्यांतून, तळव्यावरून, पुन्हा बोटांतून. बराच वेळ तो माझ्या हातात दगड शोधत होता.

बहाद्दर त्या म्हातारीजवळ राहिला. बंडीतून मी तिथंच उतरवलेल्या धोंड्यावर बसून ती पादुकांसाठी फुलं निवडायची, आणि तो तिच्या सावलीत असायचा. पुढं तिथं पाया पडायला येणाऱ्यांनाही त्यानं वाकू दिलं, मात्र आधी प्रत्येकाचा हात हुंगून. अनसिंगच्या साळ्याला मी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "ही तुमची आजवरची सगळ्यात मोठी थाप हाय." मी वाद घातला नाही. कृपा कशी येते, हे मला समजावून सांगता येणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की आजही देवापुढं वाकताना मी आधी तळहात उघडून बघतो.