हितसंबंध नसलेला स्थानिक

माझ्याकडे सगळं होतं. वास्तुविशारद म्हणून नोंदणी होती, पंचवीसेक वर्षांचा अनुभव होता, शहरात राहत असल्याचा पुरावा होता, थकबाकी नसल्याचा दाखला होता, आणि जुनी घरं दुरुस्त केल्याचे फोटो तर इतके होते की फाइल बंद होईना. पाच अटी वाचून होईपर्यंत मी मनातल्या मनात समितीच्या खुर्चीवर जाऊन बसलेही होते. सहावी अट म्हणत होती की सदस्याचे समितीच्या कार्यक्षेत्रातील कोणत्याही जमिनीत मालकी हक्क वा हितसंबंध नसावेत.

समिती नवी होती. पश्चिमेकडच्या हिरव्या पट्ट्यातल्या गावांत जे काही बांधलं जाईल, त्याचा आराखडा आधी या समितीपुढे यायचा होता. उंची किती, छप्पर कसं, शेजारच्या वाडीला आणि पाण्याला त्याने काय होणार, हे बघून समितीने सल्ला द्यायचा. बाकीचे सदस्य बाहेरचे तज्ज्ञ. एक जागा तेवढी ‘स्थानिक वास्तुविशारद’ म्हणून राखलेली. ती जागा मला हवी होती. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, जीव टाकून हवी होती.

कारण बावखलं. याच पट्ट्यातल्या आमच्या नंदाखालकडच्या वाड्यांमध्ये ही गोड्या पाण्याची तळी आहेत, जुन्या माणसांनी हाताने खणलेली. पावसाचं पाणी त्यांत साठतं, मुरतं, आणि समुद्र एवढा जवळ असूनही आमच्या विहिरी गोड राहतात. वाडीत वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. पण नकाशा काढणारा कुठेतरी लांब एसीत बसलेला असतो. तो त्या जागेवर लिहितो, ‘खोलगट जागा, भराव आवश्यक.’ तपासणाराही तेवढंच वाचतो आणि सही करतो. अशी किती बावखलं माझ्या डोळ्यांदेखत बुजली. त्या टेबलाशी कुणीतरी एकाने म्हणायला हवं होतं की थांबा, ही खोलगट जागा नाही, हे पाणी आहे. ते मी म्हणणार होते.

आणि माझंच नाव सातबाऱ्यावर. लग्न होऊन मी शहरात, आचोळ्याला आले, नवऱ्याची बँकेतली नोकरी, माझं स्टेशनजवळ छोटं ऑफिस; पण बाबा गेले तेव्हा वारस म्हणून भावाबरोबर माझंही नाव नंदाखालच्या वाडीला लागलं. नारळ, केळी, थोडी जास्वंद आणि एक विहीर. मोठी जमीनदारीण म्हणावी असं काही नाही.

मी कार्यालयात जाऊन विचारलं. टेबलामागे बसलेली बाई सभ्य होती, हे मला आधी सांगायला हवं, कारण मी नव्हते.

“मॅडम, अट चांगल्यासाठीच आहे,” ती म्हणाली. “ज्याची जमीन तिथे, तो स्वतःच्या फायद्याचं बोलणार.”

“मान्य. पण त्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहतो आणि त्याच्या नावावर गुंठाभर वाडी नाही, असा एक आर्किटेक्ट दाखवा मला.”

“तिथलाच हवा असं नाही. शहरातला कुणीही स्थानिकच धरलाय.”

“म्हणजे तुम्हाला हितसंबंध नसलेला स्थानिक हवाय.”

“हो,” ती समजूतदारपणे म्हणाली. “बरोबर, तोच.”

मी टोमणा मारला होता आणि तिने तो नोंदवून घेतला. बाहेर येऊन मी पायऱ्यांवर उभी राहिले आणि चहावाल्यावर कारण नसताना खेकसले.

खरा संताप वेगळाच होता. अट चुकीची असती तर मी भांडले असते, पेपरात लिहिलं असतं, चार वास्तुविशारद गोळा केले असते. पण अट बरोबर होती! जमीनवाले लोक अशा समित्यांवर बसले की काय होतं, ते मला माहीत आहे. स्वतःच्या प्लॉटपुढचा रस्ता रुंद होतो आणि दुसऱ्याच्या विहिरीवरून जातो. नियम लिहायला मला बसवलं असतं, तर सहावी अट मीच लिहिली असती, कदाचित पहिली म्हणून.

भावाला हे कळलं तेव्हा तो केळीचा लोंगर घेऊन आचोळ्याला आला. माझा भाऊ लबाड नाही. पण बाबा गेल्यापासून दर भाऊबीजेला ओवाळून झालं की हक्कसोडाचा विषय निघायचा, आधी थट्टेत, मग अर्धवट थट्टेत. आमच्याकडे बहिणी सही करतात. निबंधकाच्या ऑफिसात जातात, अंगठा टेकवतात, फोटो काढतात, बाहेर येऊन सगळे मिळून आइस्क्रीम खातात आणि भाऊ साडी घेतो. माझ्या सगळ्या चुलत-मावस बहिणींनी केलं. मी केलं नाही, म्हणून मी शिकून बिघडलेली.

“बाय, आता तर तुझ्याच कामाचं आहे,” तो म्हणाला. “एक सही. नाव निघालं की तू मोकळी. जाऊन बस तिथे, गावाचं भलं कर.”

“आणि वाडी?”

“वाडी काय पळून जाते? तुझीच आहे. कधीही ये, शहाळं काढून देईन.”

काढून देईन! हेच मला ऐकायचं नव्हतं. त्या वाडीची किंमत मला कधी नको होती, आजही नको. मला एवढंच हवं होतं की मी फाटक ढकलून आत जावं, विहिरीवर पाय धुवावेत आणि कुणी मला पाहुणी म्हणून खुर्ची आणून देऊ नये. भाऊ देणार नाही, हे मला माहीत आहे. पण भावाची सून देईल, अगदी प्रेमाने देईल. आणि मग समितीच्या खुर्चीवर बसून मी कुणाच्या वाडीचं रक्षण करणार होते? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. दोन-तीन आठवडे मी ज्याच्या त्याच्या अंगावर जात होते. शेवटी अर्जाची फाइल कपाटात टाकली आणि भावाला फोन करून सांगितलं की सही नाही. तो “बरं” म्हणाला आणि दिवाळीपर्यंत बोलला नाही.

स्थानिक वास्तुविशारदाची जागा नायगावच्या एका गृहस्थाला मिळाली. मूळचे साताऱ्याकडचे, खाडीच्या बाजूला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतलेला. आमच्या गावांत त्यांची इंचभर जमीन नव्हती, आणि खरं सांगायचं तर आमच्या गावांत त्यांनी कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. मी त्यांना भरपूर नावं ठेवली. मग एके दिवशी त्यांचाच फोन आला.

“मॅडम, जुन्या घरांचं काम तुम्ही केलंय असं कळलं. मला काही बेसिक गोष्टी विचारायच्या होत्या. म्हणजे, माझं नॉलेज यात झिरो आहे.”

झिरो आहे असं स्वतःहून सांगणाऱ्या माणसावर किती दिवस रागावणार? ते विचारत गेले, मी सांगत गेले. जोतं एवढं उंच का. पडवी बंद करून खोली केली तर काय बिघडतं. छपराची वळचण भिंतीच्या एवढी बाहेर का. दोन घरांमधली बोळ अतिक्रमण नसून पाणी जायची वाट कशी. ते टिपून घ्यायचे आणि बैठकीत बोलायचे. एकदोन आराखडे त्यांच्या बोलण्यामुळे सुधारलेही. घरी नवरा म्हणायचा, “सदस्य ते आणि काम तुझं.” मी म्हणायचे, होऊ दे, पाणी वाचतंय ना. म्हणताना बरं वाटायचं नाही, पण म्हणायचे.

एका रविवारी त्यांचा पुन्हा फोन. “मॅडम, नंदाखालची एक फाइल आलीये. तळमजला अधिक तीन. साइट बघून आलो. मागच्या बाजूला मोठा खड्डा आहे, पालापाचोळा, तळाला थोडं पाणी. नकाशात भराव दाखवलाय. हे तुम्ही म्हणता ते बावखल असू शकतं का?”

मी खूण विचारली. त्यांनी सांगितलं, काठाला दोन उंडीची झाडं आणि उतरायला दगडी पायऱ्या.

ते आमचं बावखल होतं. आजोबांच्या काळी वाटण्या झाल्या तेव्हा जमीन धाकट्या आजोबांकडे गेली, आता ती चुलतभावाच्या नावावर आहे. पाणी मात्र सगळ्या घरांचं राहिलं. आमची विहीर त्याच्यावरच जगते. चुलतभाऊ इमारत बांधतोय हे मला माहीत होतं. बावखलावर बांधतोय हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

खोटं बोलता आलं असतं. म्हणजे खोटंही नाही, फक्त अर्धं खरं. हो, ते बावखल आहे, एवढंच सांगून फोन ठेवायचा. पण त्या सहाव्या अटीवर मी एवढी आदळआपट केली होती, की ती माझ्या डोक्यात घर करून बसली होती.

“ते बावखलच आहे,” मी म्हणाले. “पण माझी वाडी त्याला लागून आहे आणि मालक माझा चुलतभाऊ आहे. हे तुम्हाला माहीत असायला हवं.”

“मॅडम, मग हे तुम्ही मला सांगायला नको होतं.”

“अहो, पण खरं आहे ते! कुणालाही विचारा गावात.”

“गावात ज्याला विचारीन तो तुमचा नाहीतर त्यांचा नातेवाईकच निघणार ना? मला बैठकीत सांगावं लागेल की मी हितसंबंध असलेल्या व्यक्तीशी बोललो. मग या फाइलवर मी बसू शकत नाही.”

“तुम्ही उठलात तर तिथे राहिलं कोण?” मी ओरडले. “बावखल म्हणजे काय हे ठाऊक असलेलं कोण राहिलं त्या खोलीत?”

“आय नो, मॅडम. पण नियम आहे.”

त्यांना शिव्या द्यायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मी वागले तसंच तेही वागले.

मग मी सरळ मार्गाने लेखी हरकत घेतली. भाऊ म्हणाला, नको. “आपलेच दात, आपलेच ओठ. गाव म्हणेल बहिणीला वाटा पुरला नाही.” तरी घेतली. सुनावणीला चुलतभाऊ समोरच्या बाकावर बसला होता, मला बघून त्याने मान हलवली, मीही हलवली. मी पाण्याबद्दल बोलले, विहिरींबद्दल बोलले, जुन्या पायऱ्यांचे फोटो दाखवले. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आपण अर्जदाराच्या कोण?”

“चुलत बहीण.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. कौटुंबिक वादात समिती पडत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे, असं ते म्हणाले. आवाजात त्रासिकपणा नव्हता, उलट थोडी सहानुभूतीच होती. आराखडा मंजूर झाला. भाऊबंदकी या शब्दाची मला आयुष्यभर किळस होती, आणि शेवटी माझी सगळी वास्तुविद्या त्याच शब्दात बसवून त्यांनी फाइल मिटली. मी परत येताना रिक्षात रडले. दुःखाने नाही, चिडून.

उन्हाळ्यात एक दिवस संध्याकाळी भाऊ आला. हातात स्टीलचा डबा.

“दादाने धाडलंय,” तो म्हणाला. दादा म्हणजे चुलतभाऊ. “भराव घालायच्या आधी बावखल उपसलं. मासे निघाले.”

बावखल उपसलं की मासे पाण्यातल्या सगळ्या भागीदार घरांना वाटायचे, ही आमच्याकडची रीत. लग्न होऊन गेलेल्या लेकींनाही धाडायचे. लहानपणी मी स्वतः असे डबे घेऊन आत्यांकडे गेले आहे.

“त्याला लाज नाही वाटली?” मी विचारलं.

“त्यात लाज कसली?” भाऊ खरोखरच गोंधळला. “तुझा वाटा आहे तो. तुझा डबा राहिलाय म्हणून त्याने दोनदा आठवण केली.”

मी डबा परत पाठवणार होते. दारापर्यंत नेलाही. मग वाटलं, कुणाकडे पाठवायचा? तिथे आता मासे सोडायला पाणी कुठे होतं? मी ओट्याशी उभी राहून ते मरळ मासे साफ केले, हळद-मीठ लावलं, चिंच घालून कालवण केलं. रागात मिरची जरा जास्तच पडली.

नवरा मन लावून जेवला. त्याने भांड्यात डाव फिरवून पाहिला आणि विचारलं, “अजून आहेत का?”

“नाही,” मी म्हणाले. “होते तेवढे हेच.”