खुर्चीपाशी बोलायचं नाही

गेल्या वर्षी कधीतरी आमचे हे मनगटाची बटणं माझ्याकडून लावून घ्यायला लागले. सकाळी दवाखान्यात निघताना शर्टाच्या बाह्या पुढे करून माझ्यासमोर उभे राहायचे. मी म्हटलं, चला, म्हातारपणी का होईना, माणसाला लाडात यायचं सुचलं. "एवढे मोठे डॉक्टर आणि साधं बटण लावता येत नाही," असं म्हणायची संधी मी अर्थातच सोडली नाही. ते नुसतं हसायचे. मला ते बटण लावणं आवडायला लागलं होतं, हे आधीच सांगून टाकते.

हे दातांचे डॉक्टर. बाजाराच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर, दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेर पाटी आहे, पण ती कोणी वाचत नाही. लोक 'हलका हात कुठे बसतो' असं विचारत जिना चढतात. ह्यांना नावं आठवत नाहीत, चेहरेही नाहीत. माणसाने आ केला की मात्र सगळं आठवतं. एकदा रस्त्यात एक बाई थांबून आपुलकीने चौकशी करायला लागल्या, तर हे आपले कोरडेपणाने हो-हो करत उभे. मग बाई खदखदून हसल्या आणि ह्यांचा चेहरा उजळला. "अरे, तुम्ही होय! वरच्या सुळ्याला टोपी बसवली होती!" बाईंनी पदराने तोंड झाकलं ते थेट कोपऱ्यावर वळेपर्यंत.

खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला मी. लाळ ओढायची नळी धरायची, कापूस पुढे करायचा, दिवा सरकवायचा. कामाला लागले त्याच दिवशी ह्यांनी मला नियम सांगितला होता: खुर्चीपाशी डॉक्टरशिवाय कोणी बोलायचं नाही. "पेशंट आधीच घाबरलेला असतो. दोन आवाज ऐकले की त्याला वाटतं, ह्यांचंच अजून ठरलेलं नाही." मला ते पटलं होतं. घरात माझ्या तोंडाला कोणी लागत नाही, पण दवाखान्याचा उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. शेजारच्यांना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.

मग आमची लेक परत आली. तीही दातांचीच डॉक्टर. मोठ्या इस्पितळात नोकरी करत होती, ती सोडून म्हणाली, आता मी इथेच बसणार. ह्यांना कोण आनंद! पण पहिल्याच आठवड्यात तिने सगळे खण उपसून जमिनीवर मांडले. मुदत संपलेल्या भुलीच्या बाटल्या, दगड झालेलं सिमेंट, कुठल्या मशीनची हे कुणालाच माहीत नसलेली चावी.

"बाबा, आपण मानांकन घेऊ या," ती म्हणाली. म्हणजे काय, ते तिने मला चहा पिता पिता समजावलं. बाहेरचे तपासनीस येतात, कामाची एकेक पायरी ठरलेल्या कसोटीवर पाहतात, आणि पटलं तर तसं प्रमाणपत्र देतात.

हे म्हणाले, "माझं प्रमाणपत्र बाहेर बाकावर बसलंय. रोज नवं येतं."

"ते तुमच्या हाताचं आहे, बाबा. दवाखान्याचं नाही."

"मग दवाखाना म्हणजे दुसरं काय आहे?"

मग लेकीने इस्पितळातली गोष्ट सांगितली. तिथल्या सर्वांत नावाजलेल्या डॉक्टरने एका मुलीचा चांगला दात काढला, किडलेला राहिला. खोलीत मदतीला माणसं होती. त्यातल्या दोघांना हात पुढे जातानाच कळलं होतं. "पण ते बोलले नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाला कोण सांगणार? त्यातली एक मी होते."

ह्यांनी उरलेला चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. मग म्हणाले, "कर तुला काय करायचंय ते. पण एक सांगून ठेवतो. माझ्या हातून असं काही झालं, तर त्या दिवशी कोट खुंटीला लावीन आणि परत जिना चढणार नाही." त्यांनी ते हसत म्हटलं नाही, आणि हे बोललेलं फिरवणाऱ्यातले नाहीत, हे मला पक्कं ठाऊक.

पुढचे महिने आमची नुसती धांदल होती. हत्यारं वाफवायच्या यंत्राला मी आजवर कुकर म्हणत आले. शिट्टी झाली की झालं, अशी माझी समजूत. आता त्यात जिवंत जंतूंची कुपी ठेवायची, वाफवायची आणि जंतू खरंच मेले का ते बघायचं. सुयांना वेगळा डबा, कचऱ्याला वेगवेगळे रंग. पेशंटला भोवळ आली तर काय करायचं याचीही तालीम झाली. त्यात भोवळ येणारा पेशंट हे झाले आणि इतकं बेमालूम कोसळले की बाहेर बसलेली खरी पेशंट चप्पल घालून घरी गेली.

यातलं सगळं ह्यांनी चालवून घेतलं. एका गोष्टीला मात्र ते अडले. भूल द्यायच्या आधी क्षणभर थांबायचं. डॉक्टरने मोठ्याने म्हणायचं: पेशंट कोण, दाढ कुठली, बाजू कुठली. पेशंटने बोट लावून दाखवायचं. आणि शेजारी उभ्या माणसाने एक तर 'होय' म्हणायचं, नाही तर 'थांबा'.

"म्हणजे हिने?" ह्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"आईनेच. आणि आई, थांबा म्हणायला खात्री लागत नाही. शंका पुरे."

"अगं, मी काय दातांची डॉक्टर आहे?" मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला हसू येत होतं. ज्या खोलीत मी आजवर ब्र काढला नव्हता, तिथे आता माझ्या एका शब्दाशिवाय हे सुई उचलू शकणार नव्हते. ह्यांनी त्या नियमाचा पार तमाशा केला. पेशंटच्या नावाबरोबर माझंही घेत, वर विचारत, "सरकार, परवानगी आहे?" मी होय म्हणायची. रोजचंच झालं ते.

तपासनीस यायच्या आदल्या आठवड्यात बाजारातला शिंपी आला. ह्यांचे शर्ट तोच शिवतो. खालच्या दोन्ही दाढा त्याच्या खराब, दोन्हींत जुनं सिमेंट भरलेलं, वरून बघितलं तर सारख्याच. एक काढायची होती, दुसरी वाचवायची होती. औषधाने दुखणं थांबलेलं. ह्यांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. लेकीने तिच्या खोलीत संगणकावर दिसणारं मशीन आणलंय, पण हे आपली जुनी फिल्मच धरून बसलेले. त्या फिल्मच्या कोपऱ्यात एक बारीकसा उंचवटा असतो. तो आपल्या बाजूला आला की फिल्म सुलट. उलटी धरली की डावीची उजवी होते. हे बघायचेसुद्धा नाहीत, अंगठा फिरवला की ह्यांना कळायचं.

ह्यांनी अंगठा फिरवला, मान हलवली आणि सुई भरली. "हा आमचा शिंपी. ही खालची उजवी दाढ. ही माझी बायको. बोट लाव रे."

"मी काय बोट लावू, डॉक्टर? तुम्ही म्हणाल ती काढा," शिंपी आ वासूनच म्हणाला.

"सरकार?"

माझ्या तोंडातून होय निघेना. गेल्या खेपेला ह्यांनी त्याला 'डावी गेली रे बाबा' म्हटल्याचं मला आठवत होतं. आठवत होतं की वाटत होतं? ह्यांची डावी की माझी डावी? मी समोर उभी असते, मला सगळं उलटंच दिसतं. आणि हा माणूस कधी चुकला होता? चुकीचं थांबवलं तर हसं माझं होणार होतं, आणि बरोबर थांबवलं तर ह्यांचं काय होणार, तेही मला माहीत होतं.

"थांबा," मी म्हटलं.

आधी त्यांना ती गंमतच वाटली. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. सुई खाली ठेवली. लेक पलीकडून आली, केसपेपर बघितला, फिल्म हातात घेतली, आणि उलटी करून परत बापाच्या हातात दिली.

शेवटी शिंपीच उठून बसला. "डॉक्टर, माझ्याकडे बाह्यांची अदलाबदल झाली तर मी उसवून परत लावतो. तुमच्या धंद्यात उसवायची सोय नाही. बरं झालं वहिनी बोलल्या." आणि परत आ करून आडवा झाला. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

दाढ लेकीने काढली. हे बाहेर बाकावर पेशंटच्या रांगेत जाऊन बसले. दवाखाना बंद करताना त्यांनी कोट काढला, खुंटीला लावला आणि माझ्याआधी जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी ते निघाले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. घरीच खुर्चीत बसून पेपरचं एकच पान वाचत होते. लेक दवाखान्यातून आली ती सरळ माझ्याकडे स्वयंपाकघरात.

"आई, ते परवाचं आपण तपासनिसांना नाही सांगायचं. तसं काही झालंही नाही ना? दाढ बरोबरच निघाली. बाबांची उगाच शोभा कशाला?"

माझा पारा चढला. "मग त्या इस्पितळात आणि तुझ्या दवाखान्यात फरक काय राहिला गं? तिथेही लोक मोठ्या माणसाची अब्रूच सांभाळत होते." पोरीचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, पण बोललेलं मी मागे घेतलं नाही. माझा खरा राग तिच्यावर नव्हताच.

मी दवाखान्यातून एक जुनी फिल्म आणली होती. ती घेऊन ह्यांच्यासमोर बसले. "डोळे मिटा."

"आता हे काय?"

"मिटा म्हणते ना."

फिल्म त्यांच्या हातात दिली. "उंचवटा कुठे आहे, सांगा."

अंगठा कोपऱ्यावरून गेला. पुढे सरकला. परत आला. मला तो उंचवटा डोळ्यांनी दिसत होता, त्यांचा अंगठा त्याच्यावर होता, आणि त्यांना कळत नव्हतं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "वर्ष होत आलं. आधी मुंग्या यायच्या. मग बटण सापडेना."

मी तिथेच रडायला लागले. रोज सकाळी ज्याला मी लाड समजत होते, ते हे होतं. मला राग आला, स्वतःचा आला, त्यांचा तर फारच आला. "मला सांगता नाही आलं?"

"हलका हात म्हणतात गं मला," ते म्हणाले. "दुसरं काय आहे माझ्याकडे?"

तपासनीस बाई आल्या त्या दिवशी मी आणि लेक दोघीच होतो. बाई बारीक, चष्मेवाल्या, कमी बोलणाऱ्या. खण बघितले, कुकर बघितला, मला हात धुऊन दाखवायला लावले. मग बाहेरच्या खोलीत येऊन त्यांनी लेकीला विचारलं, "चूक होता होता राहिली, असं इथे काही झालंय का?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्याकडून आवाज आला. "झालंय. माझ्याकडून."

हे दारात उभे. बाह्यांची बटणं उघडी, तशीच लोंबत होती. आत आले, बाकावर बसले आणि शिंप्याची सगळी हकीकत सांगितली. फिल्म, अंगठा, वर्षभर लपवलेलं, सगळं. बाकावरचे पेशंट ऐकत होते. कुणाच्या तरी तोंडून चुकचुक झाली.

"थांबवलं कोणी?" बाईंनी विचारलं.

"हिने. घरात रोजच थांबवते, इथे पहिल्यांदाच."

बाईंना हसू आलं. त्यांनी ते आवरलं आणि विचारलं, "मग आता आपण इथे काय काम करता, डॉक्टर?"

ह्यांनी खुंटीवरच्या कोटाकडे बघितलं.

"बाबा हत्यार धरत नाहीत," लेक म्हणाली. "पेशंट खुर्चीत बसायच्या आधी त्यांच्याकडे जातो. ते तोंड बघतात, विचारतात, आणि कुठली दाढ ते मला सांगतात. त्यांनी सांगितल्याशिवाय मी सुई उचलत नाही. आणि शंका आली तर तेसुद्धा मला थांबवतात."

असं काही आमच्यात ठरलेलं नव्हतं. ह्यांनी लेकीकडे बघितलं. मग उठून खुंटीवरचा कोट काढला. मी बाही धरली, त्यांनी हात घातला.

पुढे प्रमाणपत्र आलं. भिंतीवर लावलंय. लोक तेही वाचत नाहीत, जिना चढतात आणि हलका हात कुठे बसतो ते विचारतात. हे खिडकीपाशी बसतात आणि म्हणतात, "इकडे. आ करा."

सकाळी अजून बाह्या माझ्यापुढे येतात. मी लगेच बटण लावत नाही. "पूर्ण नाव सांगा," मी म्हणते. ते वडिलांच्या नावासकट सांगतात. "हात कुठला?"

"उजवा."

"खात्री आहे?"

"नाही," ते म्हणतात. "म्हणून तर तुझ्याकडे आलोय."