मेलेल्या नागाचं डोकं

माझ्या हातून पहिला जीव गेला तो विंचवाचा. वरवंट्याच्या पहिल्याच घावात तो मेला होता, तरी मी ठेचत राहिले, शेणानं सारवलेल्या जमिनीत खड्डा पडेपर्यंत. आत माझी दोन वर्षांची मुलगी किंचाळत होती. तिच्या पायाच्या अंगठ्याला तो डसला होता आणि नवरा गाडी शोधायला गावात धावला होता. मुलगी वाचली, दोन दिवसांनी अंगणात खेळायलाही लागली. माझ्या अंगात त्या दिवशी जे शिरलं ते मात्र निघालं नाही.

माझं माहेर ब्रह्मपुरीचं, बसस्टँडच्या मागचं. तिथे अंगणात येऊन येऊन कोण यायचं, तर गाय नाहीतर शेजारीण. लग्न करून मी सिंदेवाहीपलीकडच्या या गावात आले तेव्हा आमचं घर गावातलं शेवटचं होतं. घरामागे धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आणि बांधीला लागून जंगल. वाघाला इथे सगळेच भितात, पण वाघ फिरकला की वनखात्याची माणसं येऊन सांगून तरी जातात, चार दिवस मोहफुलं वेचायला जाऊ नका म्हणून. चपलेत बसलेल्या विंचवाची बातमी कोणी आणून देत नाही.

म्हणून मी मारायला शिकले. न्हाणीच्या दगडाखालच्या गोमा कात्रीनं कापायच्या. पाली झाडूनं पाडायच्या आणि तडफडणाऱ्या शेपटीसकट चुलीत लोटायच्या. धामण मारली ती तोंडात उंदीर धरलेल्या अवस्थेत. नवरा कळवळून म्हणाला की ती बिनविषारी असते, उंदीर खाऊन आपलंच भलं करते. मी म्हटलं, काठी उगारल्यावर तिला नाव-गाव विचारत बसू का? पुढच्या साली उंदरांनी बियाण्याचं पोतं फोडलं तेव्हा त्यानं सुईदोऱ्यानं ते शिवलं, आणि मीही विषय काढला नाही.

एक घोरपड कोंबडीची पिल्लं नेत होती. एक दिवस मी भाताची उकळती पेज तिच्या अंगावर ओतली. फूत्कार टाकत ती कुडाच्या भिंतीखाली शिरली आणि तीन दिवसांनी वासावरून सापडली. घोरपड मारणं गुन्हा आहे हे मला ठाऊक होतं. पिल्लं मोजताना मला बरं वाटलं, हेही खरं आहे.

हळूहळू नाव झालं. कोणाच्या घरात साप निघाला की बायका मला हाका मारायच्या आणि मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन जायची. पुरुष लांब उभे राहून हसायचे, पण मला अडवायचे नाहीत. काम झालं की चहा मिळायचा. मात्र पाठ फिरली की बोलणं वेगळं असायचं. बाईच्या जातीनं इतकं निर्दय असू नये, हिची नजर चांगली नाही, असं माझ्या कानावर यायचं. शेजारच्या म्हातारीनं तर मला तिच्या नव्या वासराजवळ येऊ देणं बंद केलं. आमच्या भागात नजर आणि करणी हे शब्द हसण्यावारी न्यायचे नसतात. करणीच्या संशयावरून बाईला खांबाला बांधून मारल्याच्या गोष्टी इथे सगळ्यांना माहीत आहेत, आणि मारणारे परके नसतात, शेजारचेच असतात.

नवऱ्याचा स्वभाव माझ्या अगदी उलट. मुंगी ओलांडून जाणारा माणूस. मी मारायची आणि हे मागून यायचे, गमछ्यात ते कलेवर गुंडाळायचे, पळसाखाली खड्डा करायचे, पाणी शिंपडून हात जोडायचे. नाग असला तर त्याची रीत मोठी. नागाच्या तोंडात तांब्याचा तुकडा घातल्याशिवाय त्याला माती द्यायची नाही, नाहीतर घराण्याला दोष लागतो, असं सासऱ्यांनी यांना शिकवलेलं. त्यासाठी पाण्याच्या जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार तोडून हे चुन्याच्या डबीत ठेवायचे. आणि प्रत्येक वेळी माझा तिळपापड व्हायचा. लेकरू सुखरूप राहावं म्हणून रक्तात हात मी घालायची आणि क्षमा मागून मोकळे हे व्हायचे. माझ्याच अंगणात मला पापीण करून ठेवलं होतं या माणसानं, तेही एक वाईट शब्द न बोलता.

त्या वर्षी धानाची रोवणी आटोपून दोनच दिवस झाले होते. सकाळी हे बांधीत पाणी बघायला गेले होते आणि मी मुलीची वेणी घालत होते. तेवढ्यात खुराड्यात एकच कालवा उठला. दार उघडलं तर अंड्यांवर बसलेली कोंबडी मान टाकून पडलेली आणि तिच्या अंगावर नाग, फणा काढलेला, माझ्या मनगटाएवढा जाड.

मुलीला घरात कोंडून मी सब्बल आणि फावडं घेऊन आले. पहिला घाव चुकला, खुराड्याची फळी फुटली. नाग बाहेर आला आणि सरळ माझ्याकडे वळला. दुसरा घाव कमरेत बसला. त्याचं मागचं अंग जागेवर लुळं पडलं, पण पुढचं अंग उठून उठून सब्बलीवर तोंड मारत होतं. लोखंडावर दात वाजल्याचं मी ऐकलं. मी सब्बलीनं त्याला चिखलात दाबून धरला. लुळी वाटलेली शेपटी अचानक वळवळली आणि तिनं माझ्या पोटरीला विळखा घातला, तसा माझा उरलासुरला विचारही गेला. मी फावडं उचललं आणि मानेवर घातलं. एकदा, दोनदा, पाचदा. डोकं तुटून वेगळं पडलं तरी धड वळवळत होतं, म्हणून मी धडावरही घालत राहिले. लुगड्यावर, तोंडावर, कुंपणावर रक्त उडालं होतं. मी थांबले तेव्हा मला भीती वाटत नव्हती, राग आला होता. कोंबडीचा, नागाचा, आणि थोड्या वेळानं गमछा घेऊन येणाऱ्या माणसाचा.

हे आले ते अर्ध्या तासानं. तोवर डोक्याला मुंग्या लागल्या होत्या. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नागाकडे, आणि पळसाखाली खड्डा खणायला घेतला. तुकडे गोळा केले. मग डबी उघडली.

मी म्हटलं, उकिरड्यावर फेका, आज हे नाटक नको. हे म्हणाले, नाग आहे, तसं नाही टाकता येत. मी म्हटलं, पोरगी खुराड्यापाशी खेळत असती तर? हे म्हणाले, नव्हती ना. ते ‘नव्हती ना’ माझ्या डोक्यात गेलं. मी फावड्याच्या पात्यावर ते डोकं घेतलं आणि उकिडवे बसलेल्या यांच्या हातात लोटलं.

“घ्या. घाला तांबं त्याच्या तोंडात. एक माह्याही तोंडात घालून ठेवा, मेल्यावर कामी येईल.”

पडणारं डोकं यांनी सहज ओंजळीत झेललं, जशी कोणतीही वस्तू झेलावी. जबडा उघडायला बोट लावलं. मी तणतणत घराकडे वळले होते.

“अवं,” मागून आवाज आला, अगदी नेहमीचा. “हे सोडून नाई राह्यलं.”

मला वाटलं, थट्टा करतात. वळून पाहिलं तर ते डोकं यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला लटकत होतं. कापून पाऊण तास झालेलं, मुंग्या लागलेलं डोकं. मी कुडात खोचलेल्या विळ्याचं टोक जबड्यात घालून ते उचकटलं. त्यात यांचं कातडंही फाटलं. दोन दातांच्या खुणांतून काळपट रक्त आलं.

माझं ओरडणं ऐकून लोक जमले. मेलेल्या सापाला कुठलं जहर, असं जो तो म्हणायचा. हेही म्हणाले, मेलाच आहे तो, हळद लाव. गावातल्या एका वयस्क माणसाचा शब्द सगळे मानायचे. त्यानं दोन कोसांवरच्या झाडफूक करणाऱ्याचं नाव काढलं. म्हणाला, हा साधा डंख नाई, ह्याच्यामागं काही आहे. असं म्हणताना तो यांच्या बोटाकडे पाहत नव्हता, माझ्या तोंडावरच्या रक्ताकडे पाहत होता. दोघांनी यांना बखोटीला धरून उठवलंसुद्धा.

मी फावडं उचललं. “भाऊ, बाजूले व्हा,” मी म्हटलं. “ह्यायले सिंदेवाहीले नेऊन राह्यली मी. मधात आला त्याचा पाय तोडीन.”

तोडला असता. ते त्यालाही कळलं आणि तो हटला. शेजारच्या भावानं मोटरसायकल काढली, मुलीला त्याच्या बायकोनं जवळ घेतलं. हे मधे, मी मागे, आणि लुगड्याचा पदर फाडून मी यांना माझ्या पोटाशी बांधलं. गाव सुटेपर्यंत हे बोलत होते. वाटेवरचा तलाव आला तेव्हा म्हणाले, “मले सारं दोन दोन दिसून राह्यलं.” पुढे पापण्या खाली येऊ लागल्या, जीभ जड झाली, तोंडातून लाळ गळायला लागली. मी पाठीत गुद्दे घातले, कानशिलात मारल्या. मान कलंडायला लागली तेव्हा मी खांद्याला कडकडून चावले, तोंडात रक्त येईपर्यंत. हे नुसतं ‘हं’ म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, साप कुठला, किती वेळ झाला. मी म्हटलं, नाग, मीच मारला. चावून मग मारला का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, मारून मग चावला. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. म्हणाले, तुटलेलं डोकंही तासभर चावू शकतं, बाई. सलाईनमधून औषध चढू लागलं, पण छाती हलायची थांबत चालली होती. घशात नळी घातली आणि रुग्णवाहिकेत चंद्रपूरला काढलं. नळीला एक रबरी फुगा होता. तो दाबला की श्वास आत, सोडला की बाहेर. गाडीतल्या माणसाला सलाईन, लाळ, सगळंच बघायचं होतं. त्यानं फुगा माझ्या हातात दिला आणि सांगितलं, माझ्या मोजण्यावर दाबा, थांबू नका.

मूल गाव मागे पडलं, घाट गेले, मी दाबत होते. यांचे डोळे मिटलेले, पण त्या माणसानं सांगितलं होतं की यांना सगळं ऐकू येत असतं, फक्त हलता येत नाही. म्हणून मी बोलत होते. क्षमा नाही मागितली. शिव्या दिल्या. मेलात तर बघा म्हटलं, जंगल पेटवीन, एक बीळ ठेवणार नाही. बोटं बधिर झाली तेव्हा आळीपाळीनं हात बदलले. आपण हे केलं आहे, हे मला त्या गाडीत पहिल्यांदा नीट समजलं. नागानं नाही, मी. फावडं माझं होतं.

तिसऱ्या दिवशी यांनी डोळे उघडले. बोट सडलं होतं, ते काढावं लागलं, हाताच्या पाठीवरचं कातडंही गेलं. महिन्याभरानं घरी आलो तेव्हा अंगणात निम्मं गाव बसलेलं होतं. बाजेवर मध्यभागी तोच वयस्क माणूस. मी चहा ठेवला. दारातून मला सगळं ऐकू येत होतं.

आधी तब्येतीची विचारपूस झाली. मग त्यानं घसा खाकरून विचारलं, “मले एक सांग. डोस्कं कापून त बाजूले पडलं होतं. मंग ते तुह्या हातात आलं कसं? देलं कोनं?”

 एकेक मान माझ्याकडे वळली. चहाचा ट्रे घेऊन मी उंबऱ्यात आले होते. त्या क्षणी मी खरं सांगून टाकणार होते. तोंड उघडलंही होतं.

“कोन देईन?” हे म्हणाले. “मीच उचललं. ही त घरात पोरीले बघाले गेली होती. मी बोंबललो तवा आली.”

“पक्कं?”

“हात माहा गेला, का तुमचा?”

कोणीतरी हसलं. मग सगळ्यांनीच मानलं की नाग मेल्यावरही डूख धरतो, आणि आपापल्या आजोबांच्या गोष्टी निघाल्या. चहा संपला, माणसं गेली.

हे भिंतीला टेकून चार बोटांनी सदऱ्याची गुंडी लावायचा प्रयत्न करत होते आणि ती लागत नव्हती. मी समोर उभी राहिले. मी विचारलं, तुम्हाला आठवतं ना, डोकं कोणी लोटलं ते? हे म्हणाले, आठवते. गाडीत शिव्या देत होती तेही आठवते. मी विचारलं, मग खोटं काऊन बोलले?

यांनी गुंडीवरून नजर काढली नाही.

“या अंगणात तू मारलेलं सारं मीच मातीत घातलं,” हे म्हणाले. “तुले लोकायनं ठेचलं असतं, त ते बी मलेच उचलावं लागलं असतं.”

मी पुढे होऊन गुंडी लावून दिली.