चाचीची वाकळ कुणी उसवली?

प्रदर्शन भरवणाऱ्या एका बाईनं आमच्या चाचीला फसवलं. पैशात नाही. पैशात फसवलं असतं तर मी त्याच दिवशी वसूल करून आलो असतो. फसवलं ते वाकळेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी चाचीचं कौतुक करायला लागलो की याचा राग निवला असं कुणाला वाटायला नको.

कसबा बावड्यात माझं कटपीसचं दुकान आहे. त्याच्या समोरच्या ओट्यावर पाय पसरून चाची वाकळा शिवत बसायची. माझ्या नात्यातली नव्हे, सगळ्या गल्लीचीच ती चाची. पुण्याकडं जिला गोधडी म्हणतात, ती आमची वाकळ. ओट्यापुढं कुणीही थांबलं, मग तो पोस्टमन असो की शाळेची मास्तरीण, चाची त्याचं मनगट धरून हात कापडावर ठेवायची.

"हात लावून बघ की! नुसत्या डोळ्यानं काय कळतंय?"

मला ती शेट म्हणायची. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा मी तिच्याकडं वडलांच्या धोतरांची वाकळ शिवायला टाकली. मजुरीवरनं तासभर घासाघीस केली. तिनं पान लावलं, खाल्लं, पिंक टाकली आणि म्हणाली, "झालं तुझं? आता सांग, मधी काय घालू?"

"दुकानात चिंध्या पडल्यात, पोतंभर देतो."

"दुकानाचं न्हाय. त्यात झोपणार तू का तुझं गिऱ्हाईक? तुझं सोताचं आण."

स्वतःचं असं माझ्याकडं काय होतं? पोरवयात इचलकरंजीच्या मागांवरचे तुकडे सायकलवर बांधून मी गावोगाव विकले. ते गाठोडं ज्यात बांधायचो ते धडपं माळ्यावर पडलेलं होतं. तेच नेऊन दिलं. आजही त्या वाकळेत पाय पसरले की गुडघ्याखाली त्याची जुनी गाठ लागते, आणि कुणाचं काही देणं नसलेल्या माणसासारखी झोप येते. तेव्हापासून मी चाचीशी मजुरीवर वाद घातला नाही. माझ्यासारख्या माणसानं असं लिहावं, यावरूनच काय ते ओळखा.

ती वाकळ कडेनं शिवायला घ्यायची आणि गोल गोल फिरत आत यायची. शेवटी मधोमध चार बोटांची फट उरायची. मग ती घरातनं भाकरीचा तुकडा आणून त्या फटीत सारायची आणि वरनं टाके घालायची.

"हे कशाला, चाची?"

"उपाशी मिटू नये. जिला खायाला घातलं न्हाय, ती वाकळ माणसाची झोप खाती."

तिची स्वतःची वाकळ मात्र वेगळीच होती. वरचं लुगडं विरलं की लोक वाकळ मोडतात. ती मोडायची नाही. विरलेल्यावर दुसरं लुगडं अंथरून पुन्हा कडेपासून शिवत यायची. असं तरुणपणापासून चाललेलं. दसऱ्याच्या आधी गल्लीतल्या बायका पंचगंगेवर वाकळा धुवायला न्यायच्या, तेव्हा चाचीची ओली वाकळ उचलायला चौघी लागायच्या आणि चौघी तिला शिव्या घालायच्या. वरनं पाहिलं तर काहीच नाही, एक साधं तपकिरी लुगडं. जे होतं ते आत होतं.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिनं मला हाक मारली. "ये शेट. डोळं मिट." माझा हात धरून ती वाकळेवरनं फिरवायला लागली.

"हितं खरबरीत लागतंय? मालकांची लुंगी. मागावर जायाचे तवाची. तेलाचा डाग हाय, अजून वास येतोय बघ. ही माझ्या आईची ओढणी, मऊ हाय न्हवं? आन् हे जाड, ही महापुरात शाळेत ऱ्हायलो तवा दिलेली चादर. ह्यो लेकीचा शाळेचा स्कर्ट. लई मार खाल्ला तिनं ह्यात."

मी हसलो. हात मधोमध आला तशी तिनं पटकन माझं मनगट उचललं.

"हितं दाबू नगं."

"का? काय हाय?"

"ल्योक हाय माझा."

पहिला मुलगा रांगायलाही लागला नव्हता, तेव्हाच गेला. त्याच्या डोक्यावरची कुंची तिनं अगदी आत, सगळ्या थरांच्या खाली घातली होती. जन्मभर ती त्याच्यावर एकेक लुगडं पांघरत आली होती. मी कापडाच्या धंद्यात केस पांढरे केले, पण कापडाला एवढं काम करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. डोळे उघडावेत की नाही, मला कळेना.

पुढं पुण्याहून ती बाई आली. गोड बोलणारी. बायकांनी शिवलेल्या आयुष्याच्या गोष्टी लोकांना दाखवायच्या, म्हणाली. चाचीनं तिचाही हात धरून सगळं सांगितलं, कुंचीसुद्धा. तिला चाचीची वाकळ प्रदर्शनाला हवी होती. बोलणी मी केली. नेणं-आणणं तुमचं, फाटलं-हरवलं तर जबाबदारी तुमची, आणि सगळंच्या सगळं परत. बाई प्रत्येक गोष्टीला हो म्हणाली. चाचीनं एकच विचारलं.

"लोकं हात लावतील न्हवं?"

"हो तर, चाची!"

प्रदर्शन पाहायला मी चाचीला गाडी करून पुण्याला नेलं. तिनं ईदची साडी नेसली होती. दालनात वाकळ कुठं दिसेना. दिसली ती भिंतभर. थर न् थर उसवून, धुऊन, इस्त्री करून काचेत लावलेला. लुंगी वेगळी, ओढणी वेगळी, स्कर्ट वेगळा. खाली छापील पट्ट्या. लोक फोटो काढत होते. मधोमध, दिव्याखाली, कुंची.

चाचीनं काचेवर हात ठेवला. तिथला पोरगा धावत आला. "आजी, हात लावू नका, प्लीज."

तिनं डोक्यावरचा पदर काढला, काचेवर धरला आणि तशीच उभी राहिली. "झाकलेलं हुतं हे," एवढंच म्हणाली. मला म्हणाली, की भिंतीला, ठाऊक नाही.

मी बाईला नको ते बोललो. ती शांतपणे म्हणाली, "अहो, नाहीतर गोष्ट दिसणार कशी लोकांना? आणि सगळं परत देणारच आहोत, एकही तुकडा कमी होणार नाही." ते मात्र खरं. महिन्याभरानं खोकं आलं. प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत, परीटघडीचा. तेलाचा डागही गेलेला.

चाची ते थर ओट्यावर मांडून बसायची. एक खाली घालायची, पुन्हा काढायची. "शिवीन की," म्हणायची. सुई ओवलेली असायची. पण वाकळ काही पुन्हा झाली नाही. थंडी पडली तेव्हा मी दुकानातलं चांगल्यातलं ब्लँकेट नेऊन दिलं. तिनं ते घेतलं, आणि त्याच थंडीत ती गेली. कुरुंदवाडहून, सासरहून, तिची लेक आली. तिनं खोकं उघडलं आणि मला म्हणाली, "मामा, हे मी काय म्हणून घरी नेऊ?"

याचं उत्तर माझ्याकडनं येणं नाही, त्या बाईकडनं आहे. बाई, गोष्ट तिनं तुम्हाला हातात दिली होती. दाखवायची होती तर अख्खी मांडायची होती. एका आईनं जन्मभर झाकून ठेवलेलं लेकरू तुम्ही कुणाला विचारून उघडं केलंत? कुरुंदवाडला या. तिच्या लेकीसमोर बसा आणि पहिला टाका कुणी उसवला त्याचं नाव सांगा. गाडीभाडं मी देतो.