न झालेली चूक

खैरनार बाई कॉम्प्युटर उघडण्याआधी हातांतल्या बांगड्या काढून जेवणाच्या डब्याच्या झाकणात ठेवायच्या आणि मग त्याच्या मागच्या, रंग न दिलेल्या पत्र्याला हात लावून क्षणभर थांबायच्या. पहिल्या दिवशी ते बघून आमचा शिपाई तुकाराम माझ्या कानाशी लागला, "साहेब, बाई लय भाविक हाय. मशीनला नमस्कार करून काम धरते."

बाईंनी ते ऐकलं. मान वर न करता म्हणाल्या, "नमस्कार नाही हो दादा, अंगातली वीज उतरवते. ती चिपला लागली तर चिप मरते. तुम्हीपण लावा हात, झालंच तर पुण्य लागेल."

तुकारामाने खरंच हात लावला.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसचा प्रमुख होतो. बाई मूळच्या सटाण्याकडच्या. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या, लग्न न केलेल्या, तिशी ओलांडलेल्या. शहरात एका जिन्याखाली त्यांचा दुरुस्तीचा गाळा होता. गिऱ्हाईक दारातून डोकावून "मेकॅनिक कुठंय?" असं विचारायचं आणि बाई म्हणायच्या, "तुमच्यासमोर उभा आहे. बोला." आमच्या वसाहतीतल्या पाच-सहा कारखान्यांचे कॉम्प्युटर त्यांच्याकडे देखभालीला होते. लुनावरून यायच्या, पाठीला पिशवी, पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा, खोडरबर आणि सीड्यांचं पाकीट.

बिघाड शोधण्याची त्यांची एक रीत होती. यंत्राकडे बघण्याआधी त्या माणसाकडे बघायच्या. "मशीन रुसत नाही, साहेब. काल चालत होतं आणि आज चालत नाही, म्हणजे मधे काहीतरी बदललंय. काय बदललं तेवढं सांगा." माणसं आधी काही नाही म्हणायची, मग हळूच एखादी फ्लॉपी, एखादा हलवलेला टेबल बाहेर यायचा. बाई कुणाला रागवत नसत. खरं सांगितलं की त्यांचं निम्मं काम झालेलं असे. उरलेलं निम्मं करताना त्या यंत्राशी अहिराणीत बोलायच्या, "काय व्हयनं तुले? सांग ना मले."

मला कॉम्प्युटर त्यांनीच शिकवला, हे आता सांगायला हवं. मी अठ्ठावीस वर्षं टी-स्क्वेअर घेऊन बोर्डावर उभा राहिलेला माणूस. कारखान्याच्या मालकांनी, शेठनी, सांगून टाकलं होतं की दिवाळीनंतर ऑफिसात बोर्ड दिसणार नाहीत, आणि बोर्डावरची माणसंही दिसतीलच असं नाही. माझ्याबरोबरचे दोघे तोवर नोकरी जाऊन घरी बसले होते. बाई भेटीच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत थांबायच्या आणि डबा खाता खाता मला माउस धरायला शिकवायच्या. "घट्ट नका धरू. पळून नाही जात तो." ड्रायव्हर म्हणजे काय, हे मला कळेना. तर म्हणाल्या, "मशीनच्या आत बसवतात ते कार्ड म्हणजे नवीन बदलून आलेला माणूस समजा. पेठच्या डोंगरातला माणूस तुमच्या ऑफिसात बसवला, तर त्याची बोली कुणाला तरी यायला पाहिजे ना? ड्रायव्हर म्हणजे तो दुभाष्या. चुकीचा दुभाष्या दिला, की दोघंही शहाणे आणि काम बंद."

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी शेठनी आमचं मुख्य मशीन अपग्रेड करायला सांगितलं. नवीन विंडोज, जास्त मेमरी, मोठ्या पडद्यासाठी नवं डिस्प्ले कार्ड. बाई दोन दिवस झटत होत्या. डिस्प्लेचं कार्ड आणि नेटवर्कचं कार्ड यांचं एकमेकांशी जमेना. ड्रॉइंग दुसऱ्या मशीनवर पाठवायला गेलं की पडदा गोठायचा. शेवटी त्यांनी नेटवर्कचं कार्ड वरच्या खाचेतून काढून तिसऱ्या खाचेत बसवलं, ड्रायव्हर पुन्हा टाकला आणि सगळं सुरळीत झालं.

"एका नळावर दोन हंडे लागले होते," त्या म्हणाल्या. "एकाला पलीकडच्या नळावर पाठवला. साहेब, आता हे झाकण उघडू नका. या कार्डाला हीच जागा मानवलीय."

मी हो म्हणालो.

दोन दिवसांनी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी कारखान्यातलं प्रत्येक यंत्र पुसून, तेलपाणी करून पूजेला लागतं. खाली प्रेस आणि लेथ चकचकत होते, त्यांना मखमलाबादच्या झेंडूच्या माळा चढल्या होत्या. शेठ प्रत्येक खात्यात फिरून नारळ फोडणार होते. माझ्या खात्यात एकच मोठं यंत्र, आणि त्याच्या पंख्याच्या जाळीवर धूळ. बाहेरून पुसून माझं समाधान होईना. बाई कार्डांच्या पट्ट्या खोडरबराने घासतात, हे मी कितीदा पाहिलं होतं. खोलीत कुणी नसताना झेंडूची माळ बाजूला ठेवून तशाच हातांनी मी झाकण काढलं, दोन्ही कार्डं उपसली, खोडरबराने घासून लखलखीत केली आणि परत बसवली. नेटवर्कचं कार्ड वरच्या खाचेत अगदी अलगद बसलं. मला स्वतःचा अभिमान वाटला. यंत्र चालू केल्यावर पडद्यावर नवीन हार्डवेअर सापडल्याचा निरोप आला आणि त्याने ड्रायव्हर मागितला. मी खणातली जुनी सीडी घातली आणि येईल त्या प्रश्नाला 'हो' म्हणत गेलो. पडदा आला. मी माळ घातली, हळद-कुंकू वाहिलं. शेठ येऊन म्हणाले, "वा पिंगळे! तुमचं मशीन तर नवरीसारखं सजलंय."

दसऱ्यानंतर यंत्र गोठू लागलं. ड्रॉइंग पाठवताना अर्धवट जायचं आणि मूळ फाइलही उघडायची नाही. एका मोठ्या ऑर्डरची ड्रॉइंग्ज त्यात गेली, मुदत चुकली. शेठ संतापले. बाईंना बोलावणं गेलं.

त्या आल्या. बांगड्या काढल्या, पत्र्याला हात लावला आणि माझ्याकडे वळल्या. "काय बदललं, साहेब?"

शेठ शेजारी उभे होते. मी म्हणालो, "काही नाही."

त्यांनी झाकण काढलं. वरच्या खाचेतल्या कार्डावर बोट टेकवलं. मग पुन्हा विचारलं, "कुणी उघडलं होतं का? साफसफाईला वगैरे?"

"कुणी नाही."

चिमट्याने त्यांनी कार्डाच्या मागून काहीतरी उचललं आणि माझ्या टेबलाच्या कडेला, शेठना दिसणार नाही असं, ठेवलं. झेंडूची पाकळी होती. "एकदा आठवून बघा, साहेब," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मी त्या पाकळीवर फाइल ठेवली.

बाई शेठना म्हणाल्या, "कार्ड वरच्या खाचेत आहे. मी तिसऱ्या खाचेत बसवलं होतं. ड्रायव्हरही जुन्या सीडीवरचा टाकलाय."

"पिंगळे?" शेठनी विचारलं.

"आमच्याकडे कुणी झाकणाला हात लावलेला नाही," मी म्हणालो.

शेठ हसले, वाईट हसले. "म्हणजे तुम्हीच बसवलं आणि तुम्हीच विसरलात. अहो बाई, घरी कुकरची शिट्टी मोजायला विसरलात तर डाळ जाते. इथे माझी ऑर्डर गेली. उद्यापासून येऊ नका."

बाईंनी आधी कार्ड तिसऱ्या खाचेत बसवलं. ड्रायव्हर काढला, नवा टाकला, यंत्र तीनदा चालू-बंद करून पाहिलं. मगच बांगड्या घातल्या. मी गेटपर्यंत मागे गेलो. का गेलो, माहीत नाही.

"पाकळी दाखवली का नाहीत?" मी विचारलं.

लुनाला पायडल मारता मारता त्या थांबल्या. "दाखवून काय झालं असतं? माझ्याकडे एक पाकळी, तुमच्याकडे अठ्ठावीस वर्षं. तुम्ही बोलायला पाहिजे होतं. मी तीनदा वाट करून दिली तुम्हाला."

इतकं झाल्यावर तरी मी गप्प राहायचं होतं. पण महिन्याभरात शेजारच्या कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला, "ती खैरनार बाई कशी आहे हो?" खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "बघा बुवा. आमच्याकडे जरा घोळ झाला." वसाहतीतली त्यांची कामं एकेक करून गेली. वर्षाच्या आत जिन्याखालच्या गाळ्यात झेरॉक्सचं दुकान आलं. मी मात्र नोकरी पूर्ण करून, शाल आणि श्रीफळ घेऊन निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात शेठ म्हणाले, "पिंगळ्यांनी या वयात कॉम्प्युटर आत्मसात केला." टाळ्या झाल्या.

त्यानंतर एकदाच, सिन्नरच्या एसटी स्टँडवर, त्या मला दिसल्या. तिथल्या एका क्लासमध्ये मुलांना टायपिंग शिकवतात असं कळलं होतं. हातात पिशवी नव्हती, नुसती पर्स होती. मी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. बस लागली, त्या गेल्या.

मागच्या वर्षी त्या वारल्याचं कळलं. मी सटाण्याला त्यांच्या भावाकडे भेटायला गेलो. जुना ऑफिसातला ओळखीचा, एवढंच सांगितलं. भावाची मुलगी इंजिनीअरिंग करते. चहा देताना भाऊ मला म्हणाले, "हुशार होती हो आमची ताई. एका चुकीनं घात केला. हिला तेच सांगतो, आत्यासारखा निष्काळजीपणा करू नको." मुलगी खाली मान घालून उभी होती. मी चहा पीत राहिलो. चहा संपवून मी परतीची बस पकडली.

म्हणून हे लिहिलं. छापायला देण्याआधी पुन्हा सटाण्याला गेलो आणि दोघांसमोर वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर भाऊ उठून दाराशी जाऊन उभे राहिले. पाठमोरेच म्हणाले, "आते सांगीसन काय उपेग, दादा?" आता सांगून काय उपयोग, हा त्यांचा प्रश्न बरोबरच होता.

मुलीने कागद हातात घेतले आणि पहिल्यापासून पुन्हा वाचले. डोळे कोरडे होते. "सगळीकडे बाई, बाई असंच लिहिलंय," ती म्हणाली. "कुणाबद्दल आहे हे कसं कळणार? तिला नाव होतं."

तिने आपलं पेन माझ्यापुढे ठेवलं. तिच्यासमोर बसून मी शेवटी जे लिहिलं, ते असं: त्यांचं नाव मालती खैरनार. त्या दिवशी त्यांच्या हातून काहीही चुकलेलं नव्हतं. झाकण मी उघडलं होतं.